छातीतला देव

कोस, कार्नेइओस महिना, सहावी

तिमोकडून धाकट्या भावाला, फिलिनोसला.

बरा असलास तर उत्तम. नसलास तर त्याचं कारण बहुधा माझ्या घरात येऊन बसलं आहे.

तीन दिवसांपूर्वी दुपारी तुझी बायको माझ्या दारात उभी राहिली. कडेवर मिरिन्ना, खांद्याला एक गाठोडं, बस्स. चार वर्षांच्या पोरीला घेऊन ही बाई ऱ्होड्सहून इथवर मिठाच्या गलबतावर बसून एकटी आली. वारा पडला होता म्हणून निभावलं, नाहीतर या दिवसांत उत्तरेकडे यायचं म्हणजे चेष्टा आहे का? मी म्हटलं, "अगं हेडेया, हे काय? फिलिनोस कुठाय?"

"वन्सं, चार दिवस राहू द्या."

"चार दिवस कशाला, चार महिने राहा. पण झालं काय?"

त्यावर तोंडाला कुलूप. रडत नाही, तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही, माझ्या मागांवर बसून सूत भरून देते. फक्त रोज सकाळी डोंगरावर अस्क्लेपिओसच्या देवळात जाते आणि तिथल्या सेवेकऱ्यांना विचारून येते, की आत झोपायला जागा कधी मिळेल. देवळात झोपायला आजारी माणसं जातात. मी विचारलं, "तुला काय होतंय?" तर म्हणाली, "मला नाही." मग कोणाला? पोरगी तर ठणठणीत आहे. अंजिरं खाऊन चिकट झालेले हात माझ्या विकायच्या कापडाला पुसते.

आता तू सांग, काय दिवे लावलेस? हात उगारलास का? उगारला असशील तर मी तिथे येऊन तुझी ती तत्त्वज्ञाची दाढी मुळापासून उपटीन. दुसरी कोणी आहे का? तसं वाटत नाही. त्या दाढीवर आणि त्या कळकट घोंगडीवर भाळेल अशी बाई ऱ्होड्समध्ये तरी नसावी.

या गलबताचा तांडेल परत येईल तेव्हा त्याच्याकडे उत्तर दे. लांबलचक नको, खरं दे.


ऱ्होड्स, कार्नेइओस, दहावी

फिलिनोसकडून ताईला.

पत्र मिळालं. दोघी पोचल्या हे कळलं. मी शांत आहे.

गेल्या आठवड्यात पाठशाळेतून घरी आलो तर चूल थंड होती. शेजारीण म्हणाली, गेली बंदराकडे. मी बसलो आणि गुरुजींनी शिकवलेलं मनाशी घोळवलं. गुरुजी डामागोरास सांगतात, आपल्या हातात एकच गोष्ट असते, आपण कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही. बायको कुठे जाते, गलबत बुडतं की तरतं, लोक दाढीला हसतात की नाही, हे आपल्या हातातलं नाही. जे आपलं नाहीच ते गेलं म्हणून रडायचं कशाला? मी हे सगळं नीट घोळवलं आणि मग जेवलो. म्हणजे जेवायला बसलो.

हात उगारलेला नाही. दुसरीही कोणी नाही. ती का गेली याचा एक अंदाज मला आहे. चुलीच्या देवीला आपण रोज पहिला घास ठेवतो, तो गेल्या महिन्यापासून मी बंद केला. हेडेयाला राग आला असणार. पण मी तिला नीट समजावलं होतं. म्हटलं, देव चुलीत नाही, माझ्या छातीत आहे. या अख्ख्या जगात एकच जिवंत ऊब खेळते आहे, समुद्रात, अंजिराच्या झाडात, ताऱ्यांत. तिचंच नाव झ्यूस. आणि तिचा एक तुकडा, अगदी खराखुरा तुकडा, माझ्या आत बसलेला आहे. मी विचार करून बोलतो तेव्हा मी बोलत नाही, तो बोलतो. तो आणि मी निराळे नाहीच. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, पटलं.

तिला सांग, हवा तर घास ठेव. माझी ना नाही. यायचं तेव्हा ये म्हणावं.

ता. क. मिरिन्ना मातीच्या बाहुलीशिवाय झोपत नाही. गाठोड्यात बाहुली होती का? घरभर शोधली, सापडली नाही. सहज विचारतोय.


कोस, कार्नेइओस, तेरावी

तिमोकडून फिलिनोसला.

बाहुली इथे आहे. आणि बाहुलीनेच तुझं पितळ उघडं पाडलं आहे.

काल संध्याकाळी मिरिन्ना अंगणात बाहुलीला झोपवत होती. पायांवर घेतलं, थोपटलं, गालाचा मुका घेतला आणि मग बाहुलीच्या कानाशी तोंड नेऊन, इतक्या मायेने म्हणून सांगू, म्हणाली, "उद्या तू मरशील हं."

माझ्या हातातली टकळी खाली पडली. मी म्हटलं, "अगं बयो, हे काय बोलतेस?"

"असंच म्हणायचं असतं," ती म्हणाली. "मुका घेतला की असं म्हणायचं. बाबा रोज म्हणतो."

मी तशीच आत गेले आणि हेडेयाला समोर बसवलं. तेव्हा कुठे ती बोलली. फिलिनोस, ती तुझ्यावर रागावून आलेली नाही. चुलीच्या घासाचं तर तिच्या डोक्यातही नाही, तू बंद केल्यापासून ती तुझ्यामागे गुपचूप ठेवतेच आहे. तिने मला विचारलं, "वन्सं, ते म्हणतात त्यांच्या छातीत झ्यूस आहे. ते म्हणतात, विचार करून बोलतात तेव्हा तोच बोलतो. थट्टेत नाही म्हणाले, डोळे मिटून म्हणाले. आणि मग रोज संध्याकाळी पोरीचा मुका घेऊन तिच्या कानात सांगतात की ती उद्या मरणार. विचार करूनच सांगतात, ओठ हलायच्या आधी थांबतात तेही मी पाहिलंय. मग हे कोणी सांगितलं? त्यांनी की देवाने?"

याचं उत्तर तू दे. तुला देता येतंय का बघ.

रोज सकाळी ती पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का बघायची. तरी तुला विचारायचा धीर झाला नाही, कारण तू खरंच हो म्हणालास तर? मग तिने ठरवलं, एका देवाने सांगितलंय ते दुसऱ्या देवाकडून रद्द करून घ्यायचं. म्हणून अस्क्लेपिओस. म्हणून देवळात झोपायचं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, फक्त निघण्याआधी तुझ्या डोक्यात मुसळ घातलं असतं.

एका शब्दात उत्तर हवंय. ते भाकीत होतं की नव्हतं?


ऱ्होड्स, कार्नेइओस, पंधरावी

फिलिनोसकडून ताईला. हे हेडेयाला वाचून दाखव. सगळं दाखव.

नव्हतं. नव्हतं. नव्हतं.

तो अभ्यास आहे, ताई. आमच्या पाठशाळेत सगळे करतात. आवडीची सुरई हातात घेतली की मनाशी म्हणायचं, ही माती आहे, फुटणार. मग फुटली तर जीव कासावीस होत नाही. सुरईवरून हळूहळू मोठ्या गोष्टींकडे जायचं. मी जरा लवकर गेलो.

माझा तेलेस गेला तेव्हा मी अलेक्झांड्रियात होतो, तुला ठाऊक आहे. पोराला ताप आला तेव्हा तू धावून ऱ्होड्सला आलीस आणि मला लिहिलंस की भिण्यासारखं काही नाही. ते पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा त्याला पुरूनही झालं होतं. मी घरी परतलो, तर हेडेयाने त्याचे जोडे दारात तसेच ठेवलेले. त्या जोड्यांपाशी मी जो बसलो तो उठलोच नाही. आठवतं ना, तुम्ही मला हाताला धरून जेवायला नेत होतात. दोन वर्षं झाली त्याला. मग गुरुजी भेटले, आणि वाटलं, हा माणूस मला पुन्हा असं बसू देणार नाही. मिरिन्नाच्या वेळी मी तयार असेन. म्हणून रोज मुका घेताना म्हणायचो. मला वाटायचं तिला कळत नाही, आणि हेडेया चुलीपाशी असते.

तुझं पत्र घेऊन मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी वाचलं आणि आधी हसले. चांगले पोट धरून हसले. मग पत्र खाली ठेवून म्हणाले, "फिलिनोस, पोरीच्या कानात?"

मी म्हटलं, "हो, गुरुजी."

"अरे गाढवा, ते स्वतःशी म्हणायचं असतं. ते तुझ्या छातीला सांगायचं, तिच्या नाही. आणि कशासाठी सांगायचं? ती उद्या नसेल म्हणून आजच हात आखडता घे, असं मी कधी शिकवलं? ती उद्या नसेल, म्हणून आज नीट जवळ घे. तू औषध घशाखाली घालायचं सोडून पाहुण्यांच्या ताटात वाढत बसलास."

मी म्हटलं, "आणि छातीतला देव?"

ते म्हणाले, "तो भविष्य सांगत नाही. त्याला ते कामच नाही. समोर जे आलंय त्याला हो म्हणायचं की नाही एवढंच तो ठरवतो. आणि एक सांग, तुझ्या छातीत तो बसलाय म्हणतोस. तुझ्या बायकोच्या छातीत काय मग, नुसता कोंडा भरलाय?"

हेडेया, मला माफ कर. तो देव बोलला नाही. घाबरलेला माणूस बोलला.

हे पत्र आज पहाटे सुटणाऱ्या गलबताने पाठवतोय. मीही त्यावर चढलो असतो, पण मला तोंड दाखवायची लाज वाटते. हेडेयाने ये म्हटलं तर येईन.


कोस, कार्नेइओस, अठरावी

तिमोकडून फिलिनोसला.

पत्र काल आलं. मी वाचून दाखवलं, मग हेडेयाने स्वतः वाचलं, मग पुन्हा माझ्याकडून वाचून घेतलं. मला वाटलं आपण सुटलो. हसली असती तर मी त्यावर विश्वासही ठेवला असता. पण ती म्हणाली, "वन्सं, आता हे नव्हतं-नव्हतं कोण म्हणतंय? ते म्हणाले होते, तो आणि मी निराळे नाही. मग मरशील म्हणणारा घाबरलेला माणूस आणि नव्हतं म्हणणारा देव, की उलट?" मी म्हटलं, "बाई, तू त्या पाठशाळेत जायला हवं होतंस, फिलिनोसने घरी बसून सूत कातायला हवं होतं."

रात्री मिरिन्नाचं अंग जरा गरम झालं. भिण्यासारखं काही नाही. सेवेकऱ्यांनी आज जागा दिली, म्हणून आम्ही तिला वर देवळात नेतोय. मी पायऱ्यांपर्यंत जाईन, आत हेडेया आणि पोरगी. मिरिन्ना म्हणते बाहुलीलाही ताप आहे, म्हणून बाहुलीही जाते आहे.

तू ये. हेडेयाने ये म्हटलेलं नाही. मी म्हणतेय.


क्निडोस बंदर, कार्नेइओस, एकविसावी

फिलिनोसकडून गुरुजी डामागोरास यांना, ऱ्होड्स.

गुरुजी, मी इथे अडकलो आहे.

पत्र धाडून मी घरीच आहे हे कळल्यावर तुम्ही विचारलंत, "पत्र गेलं आणि तू इथे कसा?" तसाच उठलो आणि मिळालं त्या गलबताने निघालो. पण एक दिवस उशीर झाला तो झालाच. ज्या वाऱ्याच्या आधी पत्र निसटलं तो वारा मला क्निडोसच्या टोकाशी समोरून भेटला. इथे सगळी गलबतं नांगर टाकून बसली आहेत. समोर कोस दिसतं, गुरुजी. डोंगर दिसतो. नजर ताणली तर देऊळही दिसतं असं वाटतं, तांडेल म्हणतो तो नुसता खडक आहे.

उत्तरेकडून येणारी गलबतं मात्र मजेत येतात. प्रत्येकाला मी धक्क्यावरून ओरडून विचारतो, कोसहून का? काल एकाकडे ताईचं पत्र निघालं. ऱ्होड्सला माझ्या घरी चाललं होतं, मी मधेच घेतलं. मुलीला ताप आहे. ताई लिहिते, भिण्यासारखं काही नाही. गुरुजी, तेलेसच्या वेळीही ती हेच लिहीत होती. अक्षरही तसंच आहे, घाईचं, उजवीकडे उतरत गेलेलं.

तुम्हाला खरं सांगतो, कारण तुमच्यापुढे शहाणपण मिरवायची हौस आता उरलेली नाही. दोन वर्षांचा अभ्यास एका ओळीत वाहून गेला. मी म्हणून पाहिलं, ती माझी नाही, ती पाहुणी आहे, जिने पाठवली ती ऊब परत बोलावील. म्हणून होईतो ताईचं पत्र तीनदा उलगडून वाचलं. मग बंदराच्या देवळात गेलो आणि जो देव तिथे होता त्याला साष्टांग नमस्कार घातला. कोणता होता तेही पाहिलं नाही. तुम्ही हसाल, हसा.

तुम्ही शिकवलंत, वाराही झ्यूसच. आणि छातीतलाही तोच. मग आज झ्यूसच झ्यूसची वाट अडवून बसलाय. निघताना तुम्ही म्हणालात, गोंधळलास तर आतल्याला विचार, तुझ्या हातात आत्ता काय आहे. विचारलं. मला वाटलं काही तरी मोठं सांगेल. तो म्हणतो, जा. बस्स, एवढंच. जाता येत नाही म्हटलं तर म्हणतो, मग वारा पडला की पहिल्यांदा तू चढ. गुरुजी, या आवाजात काही गूढ नाही, काही भारदस्त नाही. माझी आई असं बोलायची.

तेव्हापासून मी गलबतावरच बसून आहे. उतरत नाही. तांडेल म्हणतो, "दाढीवाले, नांगराला जरा तुमचं तत्त्वज्ञान शिकवा, तोही इतका चिकटून बसत नाही."

इकडे ताई लिहितेय, तिकडे मी लिहितोय, आणि मधे पोरीचा ताप आहे. भीती वाटते. एवढंच लिहायचं होतं.


कोस, कार्नेइओस, बाविसावी

हेडेयाकडून फिलिनोसला, क्निडोस बंदरात, जो दाढीवाला माणूस येणाऱ्या प्रत्येक गलबताला ओरडून विचारतो त्याला. (वारा तोंडात घेऊनही वल्ही मारत काल इथे पोचलेल्या स्पंज काढणाऱ्यांनी तुमची हीच खूण सांगितली. म्हणाले, हातांवर घट्टे नाहीत म्हणून तुम्हाला बरोबर घेतलं नाही.)

आधी महत्त्वाचं. ताप उतरला. काल, देवळातल्या तिसऱ्या पहाटे, घाम आला आणि उतरला. आत्ता ती वन्संच्या मांडीवर बसून मध लावलेली भाकरी खातेय आणि अर्धी बाहुलीला भरवतेय. आता श्वास घ्या आणि मग पुढचं वाचा.

लिहायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून अक्षर तुमच्यासारखंच वाकडं आहे.

देवळात आत सगळे झोपतात, म्हणजे देव स्वप्नात येतो. तिन्ही रात्री मी झोपलेच नाही. कशी झोपणार? सगळं दालन माणसांनी भरलेलं, कोणी कण्हतंय, कोणी घोरतंय, आणि माझ्या मांडीवर हिचं अंग तव्यासारखं. मी पाण्याने कपाळ पुसत बसले. तेलेसच्या वेळी मी फार रडले होते. या वेळी वेळ नव्हता. मधून मधून आतून कोणी तरी म्हणायचं, पाणी बदल. मी बदलायचे. म्हणायचं, पालथं झोपव, पाठ पूस. मी पुसायचे. तो आवाज घाबरलेला नव्हता. मी घाबरले होते, तो नव्हता.

सकाळी सेवेकरी आला. "बाई, काय दिसलं? देव कसा आला?" सगळ्यांना विचारतात ते, लिहून घ्यायला.

मी म्हटलं, "काही दिसलं नाही. मला झोपच लागली नाही."

तो बिचारा हिरमुसला. म्हणाला, "मग ताप कोणी उतरवला?"

मी हिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग तुमच्या गुरुजींचा तो कोंड्याचा प्रश्न आठवला. माझ्यातही तो तुकडा असेल तर रात्रभर पाणी बदल म्हणणारा तोच असणार. म्हणजे देव आला होता, पण मला जागं ठेवून आला. सेवेकऱ्याला हे सांगितलं नाही, त्याला वाटलं असतं मलाही ताप चढलाय. तुम्हाला सांगते.

एक समजलं, म्हणून तुमच्या पत्रातलं आता पटलं. आतला तो कसा बोलतो हे मी ऐकलंय. तो मरणाचं बोलतच नाही. त्याला कामं फार असतात. म्हणजे पोरीच्या कानात बोलणारे तुम्हीच होतात, एकटे, तेलेसच्या जोड्यांपाशी बसलेले. मला सांगितलं असतंत तर मीही तिथे येऊन बसले असते. मला वाटायचं, तुम्हाला आता त्याची आठवणच येत नाही. घोंगडी पांघरून शांत असायचात. त्या शांततेचा मला जास्त राग यायचा, मरशील म्हणण्यापेक्षाही.

नवस फेडला. अस्क्लेपिओसला कोंबडा द्यायचा असतो. वन्संनी आणलेला कोंबडा सकाळपासून अंगणात होता, मिरिन्नाची त्याच्याशी गट्टी जमली. निघताना तिने त्याच्या तुऱ्याचा मुका घेतला आणि कानात सांगितलं, उद्या तू मरशील हं. त्याच्या बाबतीत मात्र एका दिवसाची चूक झाली. वन्सं पायऱ्यांवर बसून इतक्या हसल्या की लोकांना वाटलं त्यांनाच बरं करायला आणलंय.

या. दाढी ठेवलीत तरी चालेल.


कोस, कार्नेइओस, सव्विसावी

फिलिनोसकडून गुरुजी डामागोरास यांना.

गुरुजी, पोचलो. सगळे बरे आहेत. माझ्या आधीच्या पत्रावर तुम्ही काळजीत असाल म्हणून हे तातडीने.

परवा पहाटे वारा अचानक पडला. तांडेलाने हाक मारायच्या आत मी नांगराच्या दोराला हात घातला होता. कोसच्या धक्क्यावर ताई उभी होती. मला वाटलं मिठी मारील. तिने दाढी धरली, चांगली दोन्ही हातांनी, हलवली, आणि मग मिठी मारली. म्हणाली, "वाळलास रे. ती छातीतली ऊब जेवायला नाही का घालत?"

हेडेया दारात होती. मग मी विचारलं, "तेलेसचे जोडे कुठे आहेत?" म्हणाली, "पेटीत. ऱ्होड्सला. माझ्या पेटीत, अगदी तळाशी." मी म्हटलं, "घरी गेलो की काढू." तिने मान हलवली आणि दोघंही मोठ्याने रडलो, ताईच्या माग चालवणाऱ्या बायकांसमोर. मला लाज वाटली नाही. आतलाही काही बोलला नाही, त्याला मान्य असावं.

पाठशाळेतल्या मुलांना माझी गोष्ट सांगा, हरकत नाही, पण नाव बदलून सांगा. आणि मी एवढ्यात येत नाही. वारा पुन्हा सुटलाय, ऱ्होड्सला यायला अगदी हवा तसा. तरी येत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

पहिल्या संध्याकाळी मिरिन्नाला झोपवायला मीच बसलो. बाहुली मधे, ती पलीकडे. मी गालाचा मुका घेतला आणि गप्प बसलो. ती वाट बघत राहिली. मग डोळे उघडून म्हणाली, "सांगितलं नाहीस."

मी म्हटलं, "आता नाही सांगायचं ते. बाबाचं चुकलं होतं."

तिने जरा विचार केला. मग उठून बसली, माझे दोन्ही कान धरून मला खाली ओढलं, दाढी बाजूला सारून मुका घेतला आणि अगदी हळू, बाहुलीला सांगते तशी म्हणाली, "बाबा, उद्या तू मरशील हं."

गुरुजी, दोन वर्षं मी हे वाक्य म्हणत होतो. सुरईला म्हटलं, बायकोकडे बघून म्हटलं, पोरीला म्हटलं. मला कोणी म्हणालं नव्हतं. तुम्ही शिकवलेलं सगळं त्या क्षणी माझ्या छातीत येऊन बसलं, आणि काही तुटलं नाही. उलट जागा झाली. चुलीपाशी हेडेया देवीला घास ठेवत होती त्याचा वास आला. माझ्या कानाला पोरीचा हात होता, गरम, पण तापाचा नाही.

मी म्हटलं, "हो गं, मरेनही कदाचित. मग आज काय करू?"

तिने बाहुली उचलून पलीकडे ठेवली आणि अंग चोरून मला जागा करून दिली.

"आज इथे झोप," ती म्हणाली.